हनुवटीवरचे तीन ठिपके

१

कारंज्याच्या कापूसबाजारामागे शालिकरामचा फोटोचा कारखाना होता. कारखाना हा त्याचाच शब्द. खरं पाहता ती पत्र्याची एक लांबट खोली, उत्तरेकडच्या छपराला काचा बसवलेली, आणि तिला लागून एक अंधारी कोठडी. पण एकोणीसशे चौतीस सालची गोष्ट. आसपासच्या गावांत दुसरा फोटोवाला नव्हता, त्यामुळे त्याने त्या खोलीला राजवाडा म्हटलं असतं तरी कोणी हटकलं नसतं.

फोटो काढणं हे त्याच्या लेखी निम्मंच काम. खरं काम नंतरचं. फोटो ज्या काचेवर उतरे ती काच धुऊन वाळली की तो खिडकीशी एका उतरत्या मेजावर बसे. मेजाच्या मधोमध चौकोनी भोक आणि खाली आरसा. आरशातून उजेड वर आला की भोकावरच्या काचेत माणूस उलटा दिसे, म्हणजे काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. सुरकुती तिथे लख्ख रेघेसारखी उमटलेली असायची. सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने ती रेघ भरली की कागदावरची सुरकुती गेली. देवीचे वण, डोळ्यांखालची काजळी, ओठांशेजारच्या खाचा, सगळ्यांना हेच एक औषध होतं.

लग्नाळू पोरींचे फोटो तर त्याच्याकडे रांगेने यायचे, आणि जाताना सगळ्या पोरी सख्ख्या बहिणी होऊन जायच्या. रिठदचे रामधन पाटील फोटो पाहून भाच्यासाठी मुलगी बघायला गेले. पोहे आले, पोरगी आली, तरी पाटील आपले दाराकडे बघत बसलेले. शेवटी म्हणाले, "हे फोटोतल्या पोरीची चुलती दिसते. आता पोरीले बलवा!" ही गोष्ट सांगून सगळ्यात मोठ्याने हसायचा तो शालिकरामच. हसून झालं की म्हणायचा, "देवाले एवढी घाई असते. मले नसते."

चैत्र संपता संपता धनजचे उत्तमराव बायकोला घेऊन आले. उत्तमराव मूळचे भाजीपाल्याचे बागाईतदार. वांगी-मिरची विकता विकता त्यांनी शेताला शेत जोडलं होतं, आणि लोकल बोर्डात बसायला लागल्यापासून घरात खुर्च्यांचा दिवाणखाना केला होता. त्या दिवाणखान्याला आता नवराबायकोचा फोटो हवा होता.

"माह्या मिशा पिकल्या हायत, त्या तशाच राहू द्या," ते म्हणाले. "मानसाले शोभतात. हिले मातर लग्नातल्यासारखी करा. लग्नात पाहासारखी होती."

प्रयागबाई बेचाळीस वर्षांच्या. उन्हातान्हात राबून चेहरा रापलेला, डोळ्यांभोवती जाळं. काच घेऊन झाली, उत्तमराव बैल जुंपायला सांगायला बाहेर गेले, तेव्हा त्या हळूच कॅमेऱ्याजवळ आल्या.

"भाऊ, वय काढा, सुरकुत्या काढा, काय काढाचं थे काढा. हे गोंदन तेवढं राहू द्या."

हनुवटीवर हिरवट तीन ठिपके होते. दोन सरळ, मधला जरा डावीकडे घसरलेला. गोंदताना पिकलं असावं, कारण ठिपके कातडीवर किंचित उचललेले होते.

"सहा वर्साची होती मी. रडली, मान हालवली, म्हून मधला सरकला. मायनं मांडीत धरून ठेवलं होतं. सोनंनानं समदं इथंच राह्यते भाऊ, गोंदन तेवढं संगं येते. माय म्हनते, वर गेल्यावर आपले लोक हेच पाहून वळखतात."

"राह्यलंच समजा," शालिकराम म्हणाला. "शब्द देतो."

२

त्याने शब्द पाळला, दोन दिवस. मग उत्तमराव कच्चा फोटो बघायला आले आणि त्यांनी बोट नेमकं हनुवटीवर ठेवलं.

"हे काहून ठेवलं?"

"बाई म्हनल्या होत्या..."

"बाई काय, काईबी म्हनन! फोटो लटकनार दिवानखान्यात. तिथं साहेब येऊन बसते. त्याले काय दाखवू, का पाहा, आमची बायको रानातली हाय? पुसून टाका."

ते गेल्यावर शालिकराम मेजावर बसला. उत्तमरावांचं मन राखायचं म्हणून बसला, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. पण खरं सांगायचं तर त्याच्या हातालाच ते तीन ठिपके दोन दिवस खुपत होते. बाकी चेहरा इतका गुळगुळीत झाला होता, की ते तेवढेच उरले होते. पेन्सिलीचं टोक तीनदा टेकवलं आणि काम संपलं. विडी ओढायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. काच उचलून त्याने उजेडात धरली आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "आता झाली."

मागोमाग त्याला वाईटही वाटलं. बाईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण फोटो भिंतीवर उंच टांगणार, तिला काय दिसणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. चौकट होऊन फोटो धनजला गेला.

३

वैशाखात उत्तमरावांचा निरोप आला. फोटो झकास जमलाय, सोयऱ्यांना देण्यासाठी आणखी एक प्रत पाहिजे. शालिकरामने फळीवरून काच काढली. छापण्याआधी काच तिरपी धरून पाहायची ही त्याची जुनी सवय. तिरप्या उजेडात पेन्सिलीचं शिसं चकाकतं, आणि कुठे खरचटलं असेल तर लगेच कळतं.

काच कुठेच चकाकली नाही.

त्याने ती इकडून तिकडून फिरवली. फडक्याने हात पुसून पुन्हा धरली. उत्तमरावांच्या कोटावरचा एक डाग त्याने भरला होता, तो चकाकत होता. प्रयागबाईंच्या चेहऱ्यावर मात्र शिशाचा कणही नव्हता. आणि चेहरा तर तसाच, लग्नातल्यासारखा.

शालिकराम भित्रा नव्हता, पण चौकस पक्का होता. लहानपणी घड्याळ कसं चालतं ते पाहायला त्याने काकाचं घड्याळ उघडून कायमचं बंद पाडलं होतं. त्याने टर्पेनची बाटली काढली. टर्पेनमध्ये कापूस भिजवून फिरवला की सगळी पेन्सिल निघून येते, कापूस काळा होतो आणि काचेत देवाने केलेला चेहरा परत येतो. त्याने प्रयागबाईंच्या गालावरून बोळा फिरवला, कपाळावरून फिरवला, हनुवटीवरून तर तीनदा. बोळा पांढरा स्वच्छ. सुरकुत्या काही परत आल्या नाहीत.

मग त्याने फळीवरून दुसरी एक काच घेतली, मंगरुळकडच्या एका नवरीची. तिच्यावर बोळा फिरवताच तो काळा झाला आणि बिचारीचे देवीचे वण एकेक करून वर आले. म्हणजे टर्पेन ठीक होतं. कापूसही ठीक होता.

उन्हाळ्याने काचेवरचं रोगण वितळून शिसं आत मुरलं असेल. नाहीतर पहिली काच फुटली, आपण दुसरी घेतली आणि आता विसरलो. पन्नाशी आली, विसरायचंच वय. अशी तीन-चार कारणं त्याने शोधली आणि एकही त्याला पटलं नाही. शेवटी भिंगाखाली हनुवटी धरली. पेन्सिलीने भरलेली जागा नेहमी सपाट दिसते, लिंपलेल्या भिंतीसारखी. इथे कातडीची बारीक छिद्रं होती. ओठाखाली कोवळी लव होती, आणि ती एका बाजूला झुकलेली होती.

एवढं बारीक काम त्याला येत नव्हतं, आणि त्याने ते केलंही नव्हतं. दुसरी प्रत त्या दिवशी त्याने काढली नाही.

४

बाजाराच्या दिवशी इंझोरीचा पुंजाजी भाजीच्या टोपल्या रिकाम्या करून कारखान्यात आला. प्रयागबाईंचा हा धाकटा भाऊ. बराच वेळ तो भिंतीवरचे फोटोच बघत राहिला.

"शालिकरामभाऊ, एक इचारू का? हासू नका."

"बोल ना."

"माय अंथरुनाले खिळली हाय. डोळे तर कवाचेच गेले. म्हून बहिनीले आनलं, पंधरा दिस झाले. माय तिले वळखून नाई राह्यली."

"म्हातारपन हाय बाप्पा. होते असं."

"मले आवाजावरून वळखते, माह्या लेकरायले पावलावरून वळखते. गावातला कोनी बी येऊ द्या, नाव घेऊन बलावते. फक्त परयागले म्हनते, बाई तू कोनाची? परयाग तिचं बोट धरून हनुवटीवर ठेवते, गोंदनावर. माय म्हनते, इथं काईच नाई, माह्या पोरीले तीन ठिपके हायत." पुंजाजीने टोपलीचा काठ चाचपला. "म्हैस बी पान्हवली नाई तिच्या हातानं. जी म्हैस तिनंच धनजले वाढवून आमाले देली."

शालिकराम हसला नाही.

"पावन्याले सांगाले मी धनजले गेलतो," पुंजाजी पुढे म्हणाला. "म्हटलं, बहीन आनखी काई दिस राहीन, तुमची आबाळ होऊन राह्यली असन. तर थे हासले. म्हने, आबाळ कायची? परयाग तं घरीच हाय, दिवानखान्यात बसली हाय. म्हटलं मस्करी करून राह्यले. पन भाऊ, तिथं दोन ताटं वाढली होती."

बाहेर कापसाच्या गाड्या चालल्या होत्या.

"तुमी फोटोतलं गोंदन पुसलं का?" पुंजाजीने विचारलं. "बहीन म्हनते, इचारून ये."

शालिकरामला खोटं बोलता आलं असतं. एवढी वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं! पण त्याची मान आपोआप हलली.

"मंग परत लावून द्या," पुंजाजी म्हणाला. त्याला हे किती साधं वाटत होतं! "माय काई लय दिस काढनार नाई. परयाग म्हनते, एक डाव मायनं मले नावानं हाक मारली पायजे, मंग जाऊ दे."

५

परत लावणं अवघड नव्हतं. पेन्सिलीने काचेवर भरलं की कागदावर उजळ येतं, तसं चाकूच्या टोकाने काचेवरचा थर खरवडला की कागदावर काळं येतं. शालिकरामकडे त्यासाठी वस्तऱ्याचं पातं घासून केलेलं एक बारीक हत्यार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगला उजेड आल्यावर, त्याने काच मेजावर ठेवली. पुंजाजी मागे उभा होता. खरवडताना एक कोरडा किरकिर आवाज होतो, त्याने शालिकरामचे दात आंबायचे. आज तो आवाजच आला नाही. पातं मऊ जागी टेकवावं तसं टेकलं. टोकावर जो कण आला तो भुकटी नव्हता. त्याने तो बोटावर घेतला, तर ओलसर लागला. कोठडीतला दमटपणा असेल, तो मनाशी म्हणाला, आणि कण फडक्याला पुसला.

"मधला जरा डावीकडं," पुंजाजी म्हणाला.

"काचेत थे उजवीकडं येते," शालिकरामने सांगितलं आणि मधला ठिपका उजवीकडे टेकवला. त्याच्या हाताने आजवर इतकं मन लावून कोणाच्या चेहऱ्यावर डाग काढला नव्हता.

छपाईची चौकट त्याने अंगणात उन्हाला लावली. काचेखाली कागद हळूहळू तपकिरी होत जातो आणि माणूस वर येतो. ही गंमत तो वीस वर्षं पाहत होता आणि त्याला तिचा कंटाळा आला नव्हता. चौकटीची अर्धी पाठ उघडून दोघांनी पाहिलं. उत्तमरावांच्या मिशा आल्या. प्रयागबाई आल्या. हनुवटीवर तीन ठिपके आले, मधला डावीकडे घसरलेला.

पुंजाजीने हात जोडले. शालिकरामलाही इतकं हलकं वाटलं की त्याने तिथल्या तिथे ठरवलं, काम पक्कं करायचं आणि आपण स्वतः इंझोरीला जाऊन बाईंची माफी मागायची. फोटो धुऊन वाळेपर्यंत त्याने दोनदा भिंगातून पाहिला. ठिपके जागचे हलले नव्हते. फक्त बाईंचा चेहरा त्याला आधीपेक्षा जरा खुललेला वाटला, आणि तेही त्याने उन्हाच्या माथी मारलं.

६

पुंजाजीचं घर मळ्यातच होतं. कांद्याचे वाफे, वांग्याच्या सऱ्या, पलीकडे मोट चाललेली. दुपार टळत आली होती. प्रयागबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. शालिकरामने पहिल्यांदा त्यांची हनुवटी पाहिली. तीन ठिपके होते तिथेच, हिरवट, धडधडीत. त्याच्या जिवात जीव आला.

"बाई, चुकलं माहं," तो उभ्यानेच म्हणाला. "शब्द देऊन मोडला."

"मले वाटलंच होतं." प्रयागबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "पह्यल्या दिवशी फोटो घरात लागला, तवाच मले वाटलं, आता आपुन इथं पावने. लावलं का परत?"

त्याने फोटो दिला. प्रयागबाईंनी तो पदराने पुसला आणि फार वेळ पाहत राहिल्या. "लय देखनी हाय," त्या म्हणाल्या. आपल्याबद्दल नाही, दुसऱ्या कोणाबद्दल बोलावं तशा.

आतल्या खोलीत एकच झरोका होता आणि त्यातून उन्हाचा पट्टा आईच्या, म्हणजे रंगूबाईंच्या, खाटेवर पडला होता. म्हातारी अगदी वाळून गेली होती. प्रयागबाईंनी फोटो तिच्या उशाशी ठेवला, खाटेच्या डाव्या अंगाला बसल्या, आणि तिचं बोट धरून आपल्या हनुवटीवर टेकवलं.

"माय, मी परयाग."

शालिकराम हातभर अंतरावर उभा होता. बोट पहिल्या ठिपक्यावरून गेलं. दुसऱ्यावरून गेलं. तिसऱ्यावरून गेलं. कुठेही अडखळलं नाही.

"नाई वो बाई," रंगूबाई मायेने म्हणाल्या. "तू चांगली हाय. पन तू परयाग नाई."

प्रयागबाईंनी शालिकरामकडे पाहिलं. त्याला ती नजर सोसवेना, म्हणून तो उशाशी ठेवलेल्या फोटोकडे पाहू लागला. तेवढ्यात म्हातारीने मान उचलली. पंधरा दिवसांत तिने मान उचलली नव्हती, असं पुंजाजीने नंतर सांगितलं.

"आली का वो!"

तिचं तोंड दाराकडे होतं. दारात कोणी नव्हतं. बाहेर मोट ओढणारे बैल मधेच थांबले असावेत, कारण चाकाचा आवाज बंद झाला होता. रंगूबाईंचे आंधळे डोळे दारापासून खाटेपर्यंत हळूहळू कोणाच्या तरी मागोमाग आले. मग खाटेची उजवी दोरी करकरली. उजव्या अंगाची वाकळ खाली दबली.

शालिकरामने डोळे मिटायला हवे होते. पण पाहणं हाच त्याचा धंदा, ते त्याला जमलं नाही. रंगूबाईंनी हात पुढे केला, आणि उन्हाच्या पट्ट्यात, काहीच नसलेल्या जागी, त्यांचं बोट थांबलं. बोटाच्या टोकाचं मांस चपटं झालं, टेकल्यावर होतं तसं. ते एक तसूभर सरकलं आणि उचललं गेलं. पुन्हा सरकलं, उचललं गेलं. मधल्या जागी ते जरा बाजूला वळलं.

"रडली होती ना तू," म्हातारी हसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मान हालवली ना? म्हून सरकला. परयाग, माही परयाग!"

पुंजाजी भिंतीला टेकून खाली बसला. प्रयागबाई जागच्या हलल्या नाहीत. ज्या हाकेसाठी त्या पंधरा दिवस झुरल्या होत्या, ती हाक त्यांच्या देखत, हातभर पलीकडे, दुसरीला मिळाली होती. त्यांनी एकदा उजवीकडे पाहिलं. काय दिसलं ते त्यांनी कोणालाच कधी सांगितलं नाही, पण त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, वयाने मोठ्या बाईने सुंदर, तरुण परकीसमोर ओढावा तसा.

शालिकरामला काहीतरी म्हणायचं होतं. घसा मोकळा करून त्याने पाऊल पुढे टाकलं. त्या आवाजाने रंगूबाईंनी चेहरा वळवला.

"कोन, फोटोवाले का? बरं झालं आले," त्या म्हणाल्या. एक हात उजवीकडे कोणाच्या तरी हातात तसाच राहिला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी चाचपडत प्रयागबाईंचा गुडघा शोधला आणि थोपटला. "या बाईनं लय सेवा केली माही. आता माही पोर आली. हिले तिच्या घरी पोहचवून द्या बाप्पा. हिची माय वाट पाहत असन."